ट्रॉलीच्या पाठीवरची पाटी

आमच्या ट्रॉलीची नंबर प्लेट तिसऱ्यांदा हरवली आणि सापडली ती सांवेर रस्त्यावरच्या एका पोह्याच्या ठेल्यावर. जलेबीच्या कढईखालच्या जाळाला वारा लागू नये म्हणून ठेलेवाल्यानं ती विटांना टेकून उभी केली होती. दादानं ट्रॅक्टर थांबवला, मागून मी गाडीतून उतरलो आणि दोघांनीही ती एकदमच ओळखली. पांढरा रंग धुरानं पिवळा पडला होता, एक कोपरा दुमडला होता, पण आकडे शाबूत होते. ठेलेवाला म्हणाला, "भिया, तमारी हे कई? चार दिन से रखी है संभाल के." त्यानं फडक्यानं पुसून ती आमच्या हातात दिली. आम्ही पोहे खाल्ले, वरून जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, मागून घेतलं आणि पाटी घेऊन घरी आलो.

पाटीबरोबर तिच्या ब्रॅकेटचा तुटका तुकडाही आला होता. तो मी खिशात टाकला.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. आमचं घर इंदूरला रामबागेत आणि जमीन सांवेर तालुक्यात. आजोबांनी ती राखली, काकांनी कसली, आता दादा आणि वहिनी तिथंच राहून बघतात. सोयाबीन, गहू, थोडा लसूण. मी अठ्ठावीस वर्षं पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. भाग हातात घ्यायचा, मोजायचा, तुटून परत आला असेल तर का तुटला ते शोधायचं. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले तीन-चार दिवस शेतावरच असतो. पिकातलं दादाला जेवढं कळतं तेवढं मला कळत नाही. तुटलेलं लोखंड मात्र कळतं.

ट्रॅक्टरवर नंबर आहे की, ट्रॉलीच्या मागे आणखी कशाला, असं गावात पुष्कळजण म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ६१व्या कलमात याचं उत्तर आहे. ट्रेलरला स्वतःचा नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो त्याच्या बाजूवर लावायचा. शिवाय जी गाडी त्याला ओढते तिचाही नंबर ट्रेलरवर दिसला पाहिजे, आणि एकामागे एक ट्रेलर जोडले असतील तर शेवटच्या ट्रेलरवर. भुशानं भरलेल्या ट्रॉलीच्या मागे उभं राहून बघा, ट्रॅक्टर कुठं दिसतच नाही. मागच्या माणसासाठी ट्रॉलीची पाठ हाच त्या गाडीचा चेहरा.

मला या पाटीचं मोल कळलं त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. जानेवारीतली रात्र होती, उज्जैनहून स्कूटरवर परत येत होतो. धुकं असं की स्कूटरचा दिवा पुढच्या चार हातांवर पिवळा गोळा होऊन थांबत होता. एकाएकी त्या गोळ्यात काहीतरी चमकलं, तळहाताएवढं. मी ब्रेक दाबला, स्कूटर आडवी झाली आणि मी रस्त्यावर बसलो. समोर दीड हातावर गव्हाच्या भुशाची ट्रॉली उभी होती, एका चाकात हवा नसलेली. मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, भुसा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्या भुशाच्या भिंतीत एका वाकड्या नंबर प्लेटचा फक्त खालचा कोपरा उघडा राहिला होता आणि माझ्या दिव्याचा उजेड त्या कोपऱ्यावर पडला होता. ट्रॉलीवाला खाली जॅक लावत होता. त्यानंच मला उठवलं, पाणी दिलं. तो कोपरा भुशाखाली गेला असता तर हे लिहायला मी नसतो. तेव्हापासून कुठल्याही ट्रॉलीच्या मागे गेलो की माझी नजर आधी पाटीवर जाते.

आमच्या ट्रॉलीची पाटी तीन वर्षांत तीनदा गळून पडली. पहिली डाल्यावर, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या फळीवर, पॉप रिव्हेटनं ठोकली होती. डाला दिवसातून चार वेळा उघडायचा आणि धाडकन खाली पडायचा. रिव्हेटची भोकं आधी लांबट झाली, मग फाटली. दुसऱ्यांदा चेसिसच्या, म्हणजे ट्रॉलीच्या सांगाड्याच्या, मागच्या आडव्या लोखंडी चॅनेलला बाहेरच्या बाजूनं अँगल लावला. तो मंडीत ट्रॉली मागे घेताना ओट्यावर आपटून पाटीसकट चेपला. तिसऱ्यांदा तालुक्याच्या एका वेल्डरकडून पत्र्याच्या दोन पट्ट्या चॅनेलला वेल्ड करून पाटी त्यांच्यावर टांगली. ती कोणी धडकवली नाही, कोणी चेपली नाही, रिकाम्या रस्त्यावर आपोआप पडली. माझ्या खिशातला तुकडा तिचाच होता.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी तो तुकडा भिंगाखाली धरला. वेल्डिंगच्या कडेला लागून पट्टी तुटली होती. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग काळपट आणि गुळगुळीत, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक कमानदार रेघा. उरलेली, नखाएवढी जागा करडी, खरखरीत आणि ताजी. हे तोंड मी कारखान्यात शेकडो वेळा पाहिलं आहे. तडा वेल्डिंगच्या काठावर सुरू झाला, रोज थोडा थोडा आत गेला, त्यात पाणी शिरून गंज चढला, आणि शेवटी नखाएवढं लोखंड सगळा भार सोसत होतं ते एका गचक्यात सुटलं. हे तुटणं त्या दिवशीचं नव्हतंच, कित्येक महिन्यांचं होतं. तुकडा दादाच्या हातात दिला तर तो बराच वेळ बोटानं त्या रेघा चाचपत राहिला.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस असेच तुटत. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, पेटले आणि फार माणसं गेली. पुढं ऑगस्ट व्योलर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं आस पुन्हा पुन्हा वाकवून दाखवून दिलं की एका दमात मोडायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी कमी जोरानंही लोखंड तुटतं, तो जोर लाखो वेळा आला तर. ट्रॉलीच्या पाटीला लाखो गचके मिळायला वेळ लागत नाही. आणि गचके जास्त बसतात ते रिकाम्या ट्रॉलीत. भरलेली ट्रॉली कमानींवर दबून बसते. रिकामी मंडीतून परतताना खडखडत, उडत येते. आमची पाटी पडली तीही परतीच्या वाटेवर.

वेल्डरला मी दोष देत नाही. त्याच्याकडे दहा नंबरचा रॉड होता, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासचा. तो चॅनेलसाठी बरोबर आहे, पण अठरा गेजचा पत्रा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा. त्या करंटनं पत्र्याची कड खाल्ली जाते, वेल्डच्या शेजारी एक बारीक चर पडतो आणि तडा तिथूनच निघतो. पातळ पत्र्याला बारा नंबरचा रॉड आणि कमी करंट पाहिजे. खरं म्हणजे तिथं वेल्डिंगच नको होतं.

दादा म्हणाला, "आता जाड पट्टी लाव. पाच मिलिमीटरची. बघू कशी तुटते."

मीही कारखान्यात नवीन असताना असंच म्हणायचो. पण जाड पट्टी लावली की गचका पट्टीत न मुरता पाटीत जातो आणि पाटीची भोकं फाटतात. पाटी वाचवली तर बोल्ट ढिले होतात. कडक केलेल्या जोडात गचका कुठं ना कुठं वाट काढतोच. मला पाटी अशी टांगायची होती की गचका आला तर ती झुकेल आणि परत सरळ होईल.

कागदावर काही काढण्याआधी मी दोन दिवस दादाबरोबर लक्ष्मीबाईनगर मंडीत गेलो. सोयाबीनचे दिवस, ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आलेली. मी फक्त ट्रॉल्यांच्या पाठी बघत हिंडलो. कुणी डाल्यावर रंगानं नंबर लिहिलेला, तो डाला उघडला की उलटा होऊन जमिनीकडे बघतो. कुणी पाटी तारेनं बांधलेली. कुणाच्या पाटीवर चिखलाचा असा थर की बोटानं खरवडावा लागेल. एकाची पाटी सुंदर, नवी, पण ती ताडपत्रीच्या दोरीखाली. बऱ्याच ट्रॉल्यांना पाटीच नव्हती. काहींच्या डाल्यावर देवाचं नाव मात्र ठळक, सुबक अक्षरात, चार रंगांत. ते पेंटर चांगले आहेत. त्याच हातानं नंबरही तेवढाच ठळक लिहिता आला असता.

आणि तिथं मला एक गोष्ट दिसली जी मी घरी बसून शंभर वर्षं विचार करून शोधली नसती. पोती उतरवायला हमाल ट्रॉलीवर चढतो तेव्हा त्याला पाय ठेवायला काहीतरी लागतं. टायर लांब असतं, डाला उंच असतो. मग पाय जातो चॅनेलखालून बाहेर आलेल्या पहिल्या वस्तूवर, आणि ती वस्तू बहुतेक वेळा नंबर प्लेटचं ब्रॅकेट असते. साठ-सत्तर किलोचा माणूस, क्षणभर एका पायावर. मी एका हमाल काकांना विचारलं तर ते म्हणाले, "और कहाँ रखें पैर, साब?" त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. पाटी टिकवायची तर त्यांना पायरी द्यायला हवी.

घरी येऊन मी वहीत पाटीला काय काय सोसायचं आहे ते लिहून काढलं. डाला पडेल तेव्हा तो पाटीवर येता कामा नये. ट्रॉली मागे घेताना ओटा आधी दुसऱ्या कशाला तरी लागला पाहिजे. हायड्रॉलिकनं ट्रॉली उचलली की शेपूट खाली येतं. तेव्हाही पाटी जमिनीला आणि ढिगाला लागू नये. चिखल आणि पाणी तिच्या मागे साचू नये. ताडपत्री, दोरी, भुसा यांतलं काही तिच्यावर येऊ नये. आणि पाय ठेवायला दुसरी जागा.

ट्रॉली रिकामी करून पूर्ण उचलली आणि टेप घेऊन मी तिच्याखाली गेलो. मागच्या आडव्या चॅनेलच्या आतल्या बाजूला, उजव्या टेल लॅम्पजवळ एक जागा सापडली जिथं पाटी चॅनेलच्या तोंडापेक्षा सहा सेंटिमीटर आत राहते आणि ट्रॉली पूर्ण उचलली तरी खाली वीतभर जागा उरते. डाला त्या चॅनेलच्या वरच अडतो. जागा पक्की झाली तिथं अर्धं काम झालं. उरलेलं सगळं धरून ठेवण्याचं.

सामान आणायला सियागंजला गेलो. सोळा गेजचा पत्रा, पंचवीस बाय सहाची पट्टी, आठ मिलिमीटरचे बोल्ट, नायलॉकचे, म्हणजे गचक्यांनी ढिले न होणारे, नट, रुंद वायसर, स्टेनलेसचे चार छोटे बोल्ट. दिवा आणि वायर महाराणी रोडवरून. आणि लवचिक भागासाठी रबरी पट्टा. मी आधी बिजागरी लावायचा विचार केला होता, पण बिजागरीत धूळ जाते, ती झिजते, वाजते आणि एक दिवस तिची पिन पडते. पट्ट्याला पिनच नसते. आत कॅनव्हासचे थर असलेला रबरी पट्टा हजारो वेळा वाकला तरी त्याला काही होत नाही, तो त्यासाठीच केलेला असतो.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो माझ्याच घाईमुळे. दादाच्या जुन्या थ्रेशरचा पट्टा पडला होता, पाच मिलिमीटर जाडीचा. त्याचे दोन तुकडे घेतले आणि पाटी चार बोटं खाली लोंबेल अशी टांगली. गावच्या कच्च्या रस्त्यावर एक फेरी मारली. पाटी घड्याळाच्या लंबकासारखी झुलायला लागली, मागे जाऊन चॅनेलला टण्‌टण् आपटत राहिली. दादानं मागं वळून विचारलं, "हे काय वाजतंय?" नंबर तर वाचताच येईना. पट्टा फार पातळ होता आणि मोकळा भाग फार लांब. तो झुकत होता, पण परत येऊन थांबत नव्हता. मग लोहामंडीतल्या एका भंगारवाल्याकडून कन्व्हेयरच्या पट्ट्याचा तुकडा आणला, दहा मिलिमीटर जाड, आत कापडाचे तीन थर. मोकळा भाग फक्त चार सेंटिमीटर ठेवला. आता पाटी हातानं ढकलली तर जडपणे मागे जाते आणि सोडल्यावर एकदाच हलून जागेवर उभी राहते. मला हवं होतं ते हेच.

रबराला बोल्ट थेट लावायचा नाही, ही गोष्ट ठळकपणे सांगाविशी वाटते, कारण बहुतेकजण इथंच चुकतात. भोकाभोवतीचं रबर ओढ घेऊन फाटतं. पट्टा दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये पूर्ण रुंदीनं दाबून धरायचा. बोल्टनं फक्त दाब द्यायचा, ओढ दाबानं सोसायची. आणि ज्या कडेवरून पट्टा वाकणार ती लोखंडाची कड धारदार असेल तर ती सुरीसारखी रबर कापते. म्हणून ती कड गोल करायची.

ती गोल करायला मी वडिलांची कानस काढली. वडील गिरणीत फिटर होते. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतला एक तरी माणूस तेव्हा कुठल्या ना कुठल्या गिरणीत असायचा. सकाळी भोंगा झाला की ते डबा घेऊन निघायचे. गिरण्या बंद पडल्या, पण त्यांची हत्यारांची पेटी घरात राहिली: गुण्या, पंच, दोन हातोड्या आणि बारा इंची अर्धगोल कानस. तिची लाकडी मूठ त्यांच्या तळहातानं इतकी घासली गेली आहे की अंगठ्याच्या जागी एक खळगा पडला आहे. माझा अंगठा त्यात नेमका बसतो. त्यांनी मला शिकवलं होतं की कानस पुढं जाताना दाबायची, मागं येताना उचलायची; येता-जाता घासली की तिचे दात मरतात. ग्राइंडरनं हे काम दोन मिनिटांत झालं असतं. पण ग्राइंडर कडेला खड्डे पाडतो, आणि इथं कड एकसारखी, पेन्सिलीच्या गोलाईची हवी होती. चार कडांना मिळून तास लागला. शेवटी बोट फिरवलं तर कुठं अडलं नाही.

पाटी स्वतः ॲल्युमिनियमची, मागचा आधार लोखंडाचा. हे दोन धातू एकमेकांना थेट टेकवून वर पावसाचं पाणी मिळालं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. जुन्या पाटीच्या मागं भोकांभोवती पांढरी पूड जमली होती ती त्याचीच. म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं आणि बोल्टभोवती नायलॉनच्या बुशी बसवल्या. बोल्ट कचकचून आवळले नाहीत; रबर जरा दबेल इतपत, पुढं नायलॉक नट सांभाळतो. मागचा सोळा गेजचा पत्रा पाटीपेक्षा सगळीकडून दीड सेंटिमीटर मोठा घेतला आणि त्याच्या कडा मागच्या बाजूला वाकवल्या. त्यानं पातळ पत्राही पाटासारखा ताठ राहतो. फक्त खालची कड वाकवली नाही. तिथं मालव्याची काळी माती साचली तर पावसाळाभर ओली राहते आणि पत्रा आतून कुजतो. खालून उघडं असलं की चिखल येतो तसा जातो. ज्यांची पाटी उच्च सुरक्षेची, म्हणजे १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना येते तशी आहे, त्यांनी तिला नवी भोकं पाडू नयेत. तिचं कुलूप याच मागच्या पत्र्यावर बसतं.

चॅनेलला कुठंही वेल्डिंग केलं नाही. चॅनेलच्या उभ्या भागात दोन भोकं पाडली, ती मधोमध, कारण सगळ्यात जास्त ताण वरच्या-खालच्या कडांना असतो आणि तिथं भोक पाडणं म्हणजे नव्या तड्याला आमंत्रण. दोन हात रेड ऑक्साइड, दोन हात काळा ऑइलपेंट. रबराला रंग लावला नाही.

पायरी सोळा मिलिमीटरच्या सळईची केली, इंग्रजी यू अक्षरासारखी, डाव्या बाजूला. ती चॅनेलपासून चार बोटं मागे येते, म्हणजे ट्रॉली मागे घेताना ओट्याला आधी ती लागते. उजव्या बाजूला पाटीच्या पलीकडे तसाच दुसरा यू. सळईला मात्र वेल्डिंग केलं, दहा नंबरच्याच रॉडनं, त्याच वेल्डरकडून. तुटका तुकडा मी त्याला भिंगातून दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग त्यानं मला चहा पाजला आणि सळईचा वेल्ड असा काढला की मी कारखान्यात तो हसत पास केला असता.

दिव्यानं दोन संध्याकाळी खाल्ल्या. नियम म्हणतो की मागच्या नंबरवर पांढरा उजेड असा पडावा की पंधरा मीटरवरून तो वाचता यावा. बारा व्होल्टचा छोटा एलईडी लावला, तर तो ट्रॉली हलली की लुकलुकायचा. दिवा बदलला, होल्डर बदलला, तरी तेच. कारण शेवटी हुकात सापडलं. ट्रॉलीची अर्थिंग लोखंडातूनच, हुकाच्या पिनमधून ट्रॅक्टरकडे परत जाते. पिन ढिली, ग्रीसनं माखलेली, वर धूळ. गचका बसला की संपर्क सुटतो. गावातल्या कितीतरी ट्रॉल्यांचे मागचे दिवे "खराब" असतात ते याच कारणानं. सॉकेटपासून अर्थची वेगळी वायर ओढली, कंड्युट पाइपमधून चेसिसच्या आतून नेली, आणि लुकलुकणं बंद झालं. एक वायर, पन्नास रुपयांचीही नाही.

मग परीक्षा. अंधार पडल्यावर अंगणात टेपनं पंधरा मीटर मोजले आणि तुळशीवृंदावनापाशी वहिनींना उभं केलं.

"वहिनी, चष्मा न लावता वाचा."

"चष्म्याशिवाय मला तुम्हीसुद्धा दिसत नाही, भाऊजी," म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि अक्षरं वाचली, मग आकडे. एका आकड्याला त्या अडल्या. "तीन... की आठ?" पुन्हा वाचलं, पुन्हा तिथंच अडल्या. मी जवळ जाऊन मोजलं. पेंटरनं जागा पुरावी म्हणून आकडे दाटीनं काढले होते, मधली फट जेमतेम चार मिलिमीटर. नियमात अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १० आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा १० सांगितली आहे, ती का ते मला वहिनींच्या त्या "की"मध्ये ऐकू आलं. पाटी उतरवली, पुन्हा रंगवून घेतली, दोन ओळींत. दुसऱ्या रात्री वहिनींनी एका दमात वाचली आणि आत जाऊन पोळ्या लाटायला लागल्या. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी आणि त्रिकोणी रिफ्लेक्टरही लावले. पट्टी चिकटवायच्या आधी लोखंड पेट्रोलच्या फडक्यानं पुसून घेतलं की ती पावसात सुटत नाही.

या गोष्टीला आता एक अख्खा पावसाळा आणि दोन हंगाम झाले. पाटीवर एकदा डाल्याचा साखळदंड आपटला, पाटी मागे गेली, परत आली, कोपऱ्यावर फक्त एक ओरखडा आहे. उजव्या यूला ओट्याचा रंग लागला आहे, म्हणजे त्यानं आपलं काम केलं. पायरीचा काळा रंग मधोमध पार उडून लोखंड चकाकतं आहे. लक्ष्मीबाईनगर मंडीत आमची ट्रॉली लागली की हमाल सरळ डाव्या बाजूला येतात. दादाच्या शेजाऱ्यांपैकी तिघांनी तशीच पायरी करून घेतली. त्यातल्या एकानं पाटीसाठी पट्टाही नेला. पट्टा मी दर दोन महिन्यांनी वाकवून बघतो, रबराला बारीक भेगा दिसल्या की तुकडा बदलायचा, दुसरा कापून ठेवलेलाच आहे.

२०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनचा रस्ता सहापदरी होतो आहे. रस्ता रुंद झाला की मागून येणारी गाडी जोरात येणार, आणि ट्रॉली आपल्या चालीनंच चालणार. गेल्या गव्हाच्या हंगामात एकदा मंडीतून निघायला रात्र झाली. दादा ट्रॅक्टरवर, मी मुद्दाम गाडी घेऊन मागे राहिलो. अंतर कमी-जास्त करत, दिवे मंद करत, एकदा तर बंद करून बघितलं. लाल पट्ट्या लांबूनच दिसत होत्या, मग जवळ गेल्यावर त्यांच्यामध्ये पांढऱ्या उजेडात दोन ओळी. खड्डा आला की त्या दोन ओळी जराशा मागे झुकत आणि पुन्हा सरळ होत. सांवेर येईपर्यंत मी त्यांच्याच मागे होतो.

सकाळी परतताना ठेल्यापाशी थांबलो. सोळा गेजच्या पत्र्याचा एक तुकडा उरला होता, त्याच्या तीन कडा वाकवून, खाली दोन पाय लावून मी ठेलेवाल्यासाठी आडोसा करून आणला होता. त्यानं विटा बाजूला सारल्या, आडोसा कढईच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभा केला, हातानं हलवून बघितला आणि जलेबीचं फडकं पुन्हा हातात घेतलं.